बारागाड्या आणि माझं पडसं

मी आता जे सांगणार आहे त्यावर आजवर एकाही माणसानं विश्वास ठेवलेला नाही, आणि तुम्हीही ठेवणार नाही. आमचा पोलीस पाटील अर्ध्यातून उठून गेला. नंदुरबारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोष्ट ऐकून माझी नाडी पुन्हा एकदा पाहिली. एका कीर्तनकारबुवांनी तर हात जोडले. म्हणाले, "सुकलाल, आम्ही पोटासाठी थोडंफार वाढवून सांगतो. तुला कशाची गरज आहे बाबा?" तरीही सांगतो. खरं बोलायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

त्या दिवशी ओट्यावर ऐकायला भटू तेली होता. ह्याच्या घाण्याचा बैल बिचारा एकाच जागी फिरतो, पण ह्याचं डोकं समोरच्याच्या प्रत्येक वाक्याभोवती फिरतं आणि त्यातून तेल काढतं. आजूबाजूची आणखी चार टाळकी होती. आणि आत उंबऱ्याशी, सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन, माझी बायको दगूबाई बसली होती. तिनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की शेंगा फोडायचा तिचा ताल आपोआप माझ्या वाक्यांवर पडतो. दिवस चांगला वर होता. लढाई सुरू झाल्यापासून रॉकेल मिळत नाही, आणि अंधारात ऐकणाऱ्याचं तोंड दिसत नाही. तोंड दिसलं नाही की किती सांगावं याचा अंदाज चुकतो.

तर ही गोष्ट नंदुरबारला आगगाडी नवी नवी आली होती तेव्हाची. मी ऐन विशीत होतो. माझी छाती अशी की सदऱ्याला गुंड्या लावणं मायनं सोडून दिलं होतं. फक्त एक खोड होती. आजार म्हणवत नाही, कारण आजाराला नाव असतं आणि ह्याला नाव कुणालाच देता आलं नाही. हळूहळू कितीही काम करा, मला काही व्हायचं नाही. दिवसभर नांगर धरला, मोट हाकली, तरी मी आपला ताजा. पण एकदा का अंगातून जोराचा घाम काढला, दंड मारले, बैठका काढल्या, कुणाच्या मागे पळालो, की दोन-चार तासांनी घशात काटे उभे राहायचे. मग नाकाला धार लागायची, सांधे ठणकायचे, डोळे लाल, अंगात कणकण आणि हुडहुडी. त्यानंतर शिंका. सकाळी उठलो की सगळं साफ. मागायचो ती पहिली गोष्ट भाकरी.

तालमीत पहिल्या दिवशी मी भरपूर दंड काढले. संध्याकाळी असा काही थरथरलो की माझी खाट आपल्या पायांनी चालत अंगणात गेली. माय पायथ्याशी धरून ओढत होती, बाप उशाशी. शेवटी दोघं तिच्यावर बसले, तेव्हा ती थांबली.

"आणि तू खाटेवरच?" भटूनं विचारलं.

"मी खाली उतरलो होतो, पाणी प्यायला. खाटेला ती गोष्ट उशिरा कळली."

दिवस प्लेगाचे होते. कुणाला कणकण आली की लोक घरं सोडून शेतात झोपड्या बांधत. मी कुस्ती खेळलो की संध्याकाळपर्यंत आमचं अख्खं गाव सामान बांधून मोकळं. कोंबड्या टोपल्यात, म्हातारी माणसं गाडीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेशीवर ठेचा-भाकरी खाताना दिसायचो, आणि गाव मला शिव्या देत परत यायचं. असं दोन-तीनदा झाल्यावर पंच बसले. त्यांनी ठरवलं की सुकलालनं ह्यापुढे पळायचं नाही. मागे कुत्रं लागलं तरी चालत जायचं.

मायनं मीठ-मोहरी उतरवली. वैद्यानं असा कडू काढा दिला की मांजर घर सोडून गेलं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, जीभ पाहिली, पोटावर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "श्रम केल्यावर होतं ना? मग श्रम करू नकोस." इतका समंजस डॉक्टर मी पुन्हा पाहिला नाही. पण हे कशानं होतं ते त्यांनाही सांगता आलं नाही, आणि तेव्हापासून आजपर्यंत कुणालाच नाही.

गावाला मात्र ह्याचा उपयोग सापडला, तो खळ्यावर. तुम्हाला ठाऊकच आहे, ज्वारी मळून झाली की तिवईवर उभं राहून सुपानं धान्य उपणायचं आणि भुसा वाऱ्यानं उडून जायचा. वारं पडलं की सगळं काम खोळंबतं. माणसं आकाशाकडे बघत बसतात. एका वर्षी वारं असं पडलं की पिंपळाचं पान हलेना. तेव्हा आमचा शेजारी माझ्याकडे आला आणि गोड आवाजात म्हणाला, "सुकलाल भाऊ, आज सकायमा जरा बैठका मारी ल्या ना."

मारल्या. दुपार कलली तशी मला उचलून खळ्याच्या काठावर बसवलं, गोधडी गुंडाळून. वर सूप हललं, खाली मी शिंकलो. दाणा खळ्यात, भुसा शेजारच्या शिवारात.

"भुसा गेला, मग दाणा कसा काय ऱ्हायना?" भटूनं बैल जुंपला.

"दाणा जड असतो, भटू. तुझ्या डोक्यासारखा."

त्या हंगामात मला दहा गावांहून बोलावणी आली. अशाच एका खळ्यावर, नदीच्या ह्याच काठाला, सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला, तिवईवर एक मुलगी सूप घेऊन उभी होती. मी मान वर केली, तिनं मान खाली केली, आणि नेमकी तेव्हाच माझी शिंक आली. भुसा वर उडाला, तिच्या केसांत बसला, डोळ्यांत गेला. ती एवढंच म्हणाली, "तोंड तिकडे करा, डोयामा भुसा गया." बस. माझं लग्न ठरलं.

"आखो बरंच बोलनी व्हती मी," उंबऱ्याशी दगूबाई म्हणाली. "ते नही सांगत कधी."

"ते लहान मुलांसमोर सांगता येत नाही," मी म्हणालो.

"आठे लहान कोन शे?"

मी पुढे निघालो. लग्न माझ्याकडून ठरलं होतं, तिच्याकडूनही ठरलं होतं, हे मला पुढे कळलं. अडलं होतं ते तिच्या बापाशी. तिचा बाप म्हणजे हिलाल भगत. खंडेरावाचा भगत, त्या गावच्या बारागाड्या ओढणारा. भटूला माहीत आहे, पण घाटावरून आलेलं कुणी असेल तर सांगतो. चंपाषष्ठीला खंडेरावाच्या जत्रेत बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. बैल सोडून देतात. गाड्यांवर माणसं अशी लादतात की चाकं कण्हतात. मग ज्याच्या अंगात देव येतो तो भगत, हळदीनं माखलेला, पायांत घुंगरू, कमरेला दोर, एकटा त्या ओढत नेतो. वेशीजवळच्या लिंबापासून देवळापर्यंत. हिलाल भगतानं त्या वर्षानुवर्षे ओढल्या. माणूस उंचीला ताडासारखा, मिशीला पीळ, आणि पोटी एकुलती एक आंडेर, म्हणजे लेक, दगू.

माझ्या मामानं विषय काढला तेव्हा हिलाल भगत मला म्हणाला, "पोऱ्या, तुन्हा आंगमा ताप मुक्कामले शे. मन्ही आंडेर काय जनमभर तुले गोधडीच घालत बसी?"

"ताप सकायमा उतरस, बाबा," मी म्हणालो.

"मंग रोज रातले येस का तो पाव्हना? नही रे भाऊ. ऊठ."

मी उठलो. त्यात कानावर आलं की शहाद्याकडचं एक स्थळ आलंय. मुलाची केळीची बाग, मुलाला छत्री. जत्रा झाली की सुपारी फोडायची. म्हणजे चंपाषष्ठीपर्यंत काही केलं नाही तर दगू गेली. ते ऐकलं आणि पंचांनी काय ठरवलंय ते मी विसरलो. आमच्या गावापासून तिच्या गावापर्यंत पळत सुटलो.

त्या दिवशी तिकडे खंडेरावाचे घट बसत होते. मी पोचलो, पण हिलाल भगत पूजेत होता, बोलायची सोय नव्हती. म्हणून देवळाच्या कोपऱ्यात घोंगडी खांद्यावर टाकून बसून राहिलो. आणि बरोबर वेळेवर, डफ वाजायला लागले तसं, माझं सुरू झालं. आधी गुडघे हलले. मग खांदे. मग दात. डोळे लालभडक, अंग तापलेलं, तोंडातून हूं हूं. मी मनात म्हणतोय, मेलो, आता हे गाव सामान बांधणार.

पण ते गाव देवळात होतं, समोर डफ होते आणि दिवस खंडेरावाचे होते. दगूची आत्या कौसाबाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिनं मुठीनं भंडारा उचलला आणि माझ्या तोंडावर उधळला. हळद नाकात गेली. त्यानंतर जी शिंक आली ती मला आजही नीट आठवत नाही, कारण काही वेळ मी तिथे नव्हतोच. पाहणारे सांगतात की देवळाची घंटा आपोआप वाजली, समईच्या सगळ्या वाती एकदम विझल्या आणि हिलाल भगताचा फेटा उडून बाहेरच्या पिंपळावर जाऊन बसला.

"देव उना," कौसाबाई म्हणाली आणि सगळं देऊळ जमिनीला टेकलं.

हिलाल भगत उघड्या डोक्यानं पुढे आला. त्या वर्षी त्याची कंबर धरली होती, ओढणार कोण हा प्रश्नच होता. त्यानं हात जोडून विचारलं, "देवा, औंदा गाडा कोन ओढी?"

मला थंडी अशी वाजत होती की हाडं ऐकू येत होती. घोंगडी खांद्यावरून घसरली होती, ती मला छातीवर ओढून घ्यायची होती. म्हणून मी हात छातीकडे नेला. हात थरथरत होता. घोंगडी हाती लागेना. हात छातीवर आपटत राहिला. धप, धप, धप.

"सोताच ओढी म्हनस देव," लोक म्हणाले. भंडारा एवढा उधळला की पुढची सात वर्षं माझ्या कानांतून हळद निघत होती. मायनं बाजारातून हळद आणायची बंद केली.

हिलाल भगत मात्र भोळा नव्हता. आयुष्यभर त्याच्या स्वतःच्या अंगात देव येत होता, त्याला देवाची चाल माहीत होती. तो माझ्याजवळ येऊन बसला, माझ्या नाकाकडे निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हाऊ देव शे का पडसं, मले समजत नही. पन लोके हात जोडीसन उभा शेत. तवय आसं करू. चंपाषष्ठीले तू गाडा ओढ. मांगेथीन कोनी हात लावाना नही, मी सोता ध्यान ठेवसू. देव व्हई तं गाडा हालतीन, मन्ही आंडेर तुन्ही. पडसं व्हई तं ह्या गावनी शीव पुन्हा वलांडू नको."

मी मान हलवली. ती आधीच हलत होती, पण ह्या वेळी मी स्वतः हलवली.

आता पेच बघा. गाड्या ओढायच्या तर अंगात ताकद हवी, आणि ताकद कमवायला मेहनत केली की मी गोधडीत. म्हणून मी आराम करून ताकद कमवली. आमच्या आळीतली पोरं माझ्यासाठी दंड मारायची आणि मी खाटेवर पडून बघायचो. मायनं मांडे करून घातले, खीर घातली, तुपात बोट बुडेल एवढी डाळ घातली. मी कुशीवरसुद्धा हळूच वळायचो. नुसतं त्या पोरांकडे बघूनही मला एकदा नाक पुसावं लागलं, तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. चार दिवसांत असा फुगलो की घराचं दार मला लहान झालं. बापानं चौकट काढली.

दुसरा पेच त्याहून वाईट. ओढायच्या आधी लोकांना अंगात देव दिसायला हवा, नाहीतर गाड्यांना हात लावू देत नाहीत. म्हणजे आधी थरथर हवी. पण थरथर आली की माझ्या हातापायांतला जीव जातो, मग गाड्या काय, सूपही उचलवत नाही. देव आणला तर बळ नाही, बळ ठेवलं तर देव नाही.

कौसाबाई बाजाराच्या निमित्तानं आमच्या गावी आली आणि दगूचा निरोप सांगून गेली. "सकायमा घाम काढा, म्हंजे दिवस कलता देव येई."

मी उलट निरोप धाडला, देव आला की बळ जातं, मग काय करू?

दोन दिवसांनी उत्तर आलं. "दोन्ही ठेवा. कसं ते तुम्ही दखा. मी सुपारी लांबवू का गाडा ओढू?"

"आसंच म्हनेल व्हतं मी," दगूबाई आतून म्हणाली. "हाई एक खरं शे."

मी खूप विचार करून हिशेब मांडला. पूर्ण पळालो तर पूर्ण थरथर. मग पावशेर पळावं, म्हणजे पावशेर थरथर येईल, लोकांपुरती. बाकी तीन पाव बळ गाड्यांना. चंपाषष्ठीच्या सकाळी मी तापीच्या काठानं एका बोकडामागे पळालो. सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेले घोडेवाले तिथे उतरले होते. त्यांनी विचारलं, "क्या हुआ भाई, बकरा चोरी करके भागा क्या?" मी म्हणालो, नाही, देवाला बोलावतोय. त्यांनी घोडे जरा लांब बांधले.

तिसरा प्रहर झाला. मला हळदीनं माखलं, घुंगरू बांधले, कमरेला दोर आवळला. लिंबाखाली बारा गाड्या उभ्या. पहिल्या गाडीवर पोरंटोरं, मधल्यांवर पाच गावची माणसं, तिसऱ्या गाडीवर शहाद्याचं स्थळ, छत्री उघडून. आणि शेवटच्या गाडीवर, मागे तोंड करून, मांडीवर काठी घेऊन हिलाल भगत. कुणी मागून हात लावला की काठी हातावर बसणार. डफ वाजायला लागले. लोक माझ्याकडे पाहू लागले. मी घशाकडे लक्ष दिलं.

घसा मोकळा. नाक कोरडं. सांधे तेल घातल्यासारखे. आयुष्यात पहिल्यांदा घाम काढूनही मला काहीही झालं नव्हतं. डफवाल्यांनी हात बदलले. पुन्हा बदलले. लोक कुजबुजायला लागले, "देव काय येत नही औंदा." शहाद्याच्या स्थळानं छत्री मिटली आणि पुन्हा उघडली. त्याला वेळ भरपूर होता.

मी मनात खंडेरावाला म्हणालो, देवा, रोज न बोलवता येतोस, आज बोलावलंय तर घोडा कुठे बांधलास? आणि दोर खांद्यावर घेऊन तसाच ओढायला लागलो, देवाशिवाय. गाड्या हलल्या नाहीत. पुन्हा जोर लावला. माझ्या पायाखालची जमीन मागे सरकली, वेशीजवळचा लिंब दोन हात पुढे आला, पण गाड्या होत्या तिथेच. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी मागे वळून पाहिलं. दगू त्या गर्दीत शेवटच्या गाडीपाशी उभी होती, हातात भंडाऱ्याचं ताट. ती माझ्याकडेच बघत होती.

आणि तेव्हा आली. एकटी नाही. चार दिवस खाटेवर पडून मी जी अडवून ठेवली होती ती, खळ्यावर गिळलेली, तालमीत दाबलेली, बोकडामागची पावशेर, सगळी थकबाकी एकदम. मी तोंड मागे करूनच उभा होतो. शिंकलो.

"थांब काका," भटू पुढे सरकला. "शिंक मागे गेली, तर माणूस पुढे फेकला जाणार. इथपर्यंत कबूल. पण शिंक गाड्यांवर आदळली, तर गाड्या मागे जायला पाहिजेत. मग दोर तुटला पाहिजे."

"तुटला असता. पण शिंक गाड्यांच्या खालून गेली. चाकांच्या मधून. बैलगाडी उंच असते, भटू, म्हणून तर आपल्या वाडवडिलांनी ती तशी केली."

भटू पुन्हा मागे सरकून बसला. मी पुढे निघालो, म्हणजे तेव्हाही निघालो होतोच. दोर ताणला, चाकं फिरली, बारा गाड्या माझ्यामागे सुटल्या. देऊळ आलं आणि गेलं. थांबायचं कसं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरी शिंक आली, सारंगखेडा आलं. तिथे बाजार मांडायला आलेल्या घोड्यांना वाटलं शर्यत लागली, ते जीव घेऊन आमच्याबरोबर पळायला लागले. एका पंचकल्याणी घोडीला मी मागे टाकलं, तिचा मालक माझा भाव विचारत ओरडत होता. तिसऱ्या शिंकेला तापी आली. पाणी दोन्ही बाजूंना भिंतीसारखं उभं राहिलं. दुसऱ्या गाडीवरच्या एका म्हातारीनं भिंतीत हात घालून दोन मासे काढले.

"मागली आखाजीना सनले सांगं तवय तापीना काठलेच थांबेल व्हतात," दगूबाई शेंगा फोडत म्हणाली.

"तेव्हा मला खोकला होता. सगळं सांगता आलं नाही."

तर पलीकडच्या काठाला चढलो आणि थेट नंदुरबार. स्टेशनात आगगाडी उभी होती. स्टेशनमास्तर बाहेर आला, बारा डबे पाहिले, माणसं छपरापर्यंत पाहिली, आणि त्यानं आमच्यासाठी हिरवा बावटा दाखवला. इंजिनवाला बिचारा उतरून माझ्या पाया पडला, कारण त्याला वाफ लागत होती आणि मला नुसतं पडसं.

"मग परत कसा आलास?" ओट्यावरच्या एकानं विचारलं.

"मी तोंड फिरवलं."

पुन्हा शिंकत शिंकत आलो ते बरोबर देवळापुढे. चाकं थांबली. बाराच्या बारा गाड्या, एकही माणूस खाली पडला नव्हता. शहाद्याच्या स्थळाची छत्री मात्र उलटी होऊन केळीच्या पानासारखी लोंबत होती, आणि तो माणूस त्या दिवसापासून कुणी नाकाला हात लावला की उठून उभा राहतो. मी हळदीत, घामात, डोळ्यांना आणि नाकाला धारा लागलेला, देवळाच्या पायरीवर बसलो. डफ वाजायचे थांबले होते. सगळे बघत होते ते शेवटच्या गाडीकडे.

तिथून हिलाल भगत उतरला. मिशीचा पीळ सुटलेला, काठी हातात तशीच. लिंबापासून नंदुरबारपर्यंत आणि नंदुरबारपासून देवळापर्यंत माणूस जागचा हलला नव्हता. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि साऱ्या जत्रेला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी मांगे तोंड करीसन बशेल व्हतू. मी सोता दखं. एका मानूसना हात गाडाले लागना नही. हाऊ देवच शे." आणि त्यानं दगूला हाक मारली.

शेंगा फुटायच्या थांबल्या.

"खोटं शे," दगूबाई म्हणाली.

भटू एकदम सावरून बसला. "काय खोटं काकू? नंदुरबार?"

"नंदुरबार जाऊ दे. नदीबी जाऊ दे." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले. "मन्हा बाप गाडावर बशेलच नव्हता. ह्याना दोर तीनदा ताणायना नि गाडा हालना नही, तवय काठी फेकीसन त्यानी मांगला गाडाले खांदा लावा. आनि मले म्हनना, दगू, ताट ठेव खाले नि तूबी जोर लाव, पोऱ्या रडी ऱ्हायना."